सांगली महामार्गावर आहे का? : एका विकिपीडिया लेखाचं प्रकरण

लेख ‘राष्ट्रीय महामार्ग ४८’. उजवीकडे माहितीचौकट, तिच्यात ‘प्रमुख शहरे’ अशी एक ओळ: दिल्ली, जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत, मुंबई, पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, बेळगाव आणि पुढे चेन्नईपर्यंत. कुणीतरी कराड आणि कोल्हापूर यांच्या मधे ‘सांगली’ घातलं. दुसऱ्यानं तासाभरात काढलं. चार दिवसांनी ‘इतिहास पहा’ उघडलं, तर हिरवा +२४, तांबडा −२४, पुन्हा हिरवा +२४ अशी उतरंड लागलेली. चोवीसच का? देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, ‘सांगली’त अशी सहा चिन्हं, म्हणजे अठरा; दुव्याचे चार चौकटी कंस, एक स्वल्पविराम, एक मोकळी जागा. भांडण कशावरून आहे हे मजकूर न उघडता त्या आकड्यावरून कळत होतं.

हे प्रकरण नमुन्यादाखल बांधलेलं आहे. रस्ते, क्रमांक, फाटे आणि विकिपीडियाची कार्यपद्धती खरी. सदस्य मात्र महामार्गांच्या लेखांवर पुन्हापुन्हा दिसणाऱ्या वादांमधून जुळवलेले. सोयीसाठी एकाला सातारकर म्हणू, दुसरीला सांगलीकर. तिसरा सदस्य इंग्लिश लेखांची भाषांतरं करणारा. चौथा प्रचालक, म्हणजे पान कुलूपबंद करण्याचे अधिकार असलेला.

सारांशाच्या चौकटीतली बाचाबाची

सातारकरांनी पहिल्यांदा ‘सांगली’ काढताना सारांशात, म्हणजे प्रत्येक बदलासोबत लिहायच्या छोट्या ओळीत, लिहिलं: ‘सांगली महामार्गावर नाही. पेठ नाक्यावरून चाळीस किमी आत आहे.’ बरोबर आहे. हा महामार्ग सांगली जिल्ह्यातून जातो तो फक्त वाळवा तालुक्याच्या पट्टीतून. मालखेड संपलं की कासेगाव, मग नेर्ले, पेठ, कामेरी, येलूर फाटा, आणि वारणा ओलांडली की कोल्हापूर जिल्हा. सांगली शहर गाठायचं तर पेठ नाक्यावर वळून इस्लामपूर, आष्टा करत जावं लागतं.

सांगलीकरांचं उत्तर: ‘जिल्ह्यातून जातो ना? मग जिल्ह्याचं ठिकाण नको?’ पुढच्या वेळी जास्त टोकदार: ‘मग सातारा तरी कुठे महामार्गावर आहे? बॉम्बे रेस्टॉरंट चौकात उतरून आत जावं लागतं. तेही काढा.’ आणि काढलंच. आता इतिहासात सातारा आणि सांगली दोन्ही आतबाहेर करू लागली.

दुसरा टोला वरवर चिडून मारलेला वाटतो, पण मुद्दा त्यातच होता. महामार्ग साताऱ्याच्या पूर्वेकडून जातो. पुण्याकडून येणारा वाढे फाट्याला किंवा पुढच्या चौकात वळतो, कोल्हापूरकडून येणारा शेंद्र्याकडून. पोवई नाक्यावरून रा. म. ४८ जात नाही. म्हणजे ‘महामार्गावर’ या शब्दाचा कडक अर्थ घेतला तर सातारकरांचं स्वतःचं गावही यादीत बसत नाही, आणि सैल घेतला तर सांगलीच काय, वाईसुद्धा बसते. सुरूर फाट्यापासून ती सांगलीपेक्षा पुष्कळ जवळ आहे.

दोघांचीही चूक एकच, आणि ती सगळे करतात: वाद सारांशाच्या चौकटीत घातला, लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर नाही. सारांश हा काय बदललं ते सांगण्यासाठी असतो. तिथे उत्तर द्यायचं म्हटलं की दरवेळी लेख बदलावा लागतो, म्हणजे प्रत्येक वाक्यामागे एक उलटवणं. इंग्लिश विकिपीडियावर एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की सदस्यावर बंदी येऊ शकते. लहान विकीवर मोजत बसायला माणसं कुठून आणायची? म्हणून तिथे असली भांडणं कमी तीव्र पण जास्त लांब असतात.

प्रचालकांनी पान तीन दिवसांसाठी सुरक्षित केलं. कुलूप लागलं तेव्हा सांगली आत होती आणि सातारा बाहेर. साहजिकच सातारकरांची तक्रार आली की चुकीच्या आवृत्तीवर कुलूप लावलं. ती तक्रार दोहोंपैकी एकाकडून येणारच, कुलूप कधीही लावा. प्रचालकांनी शहाणपणाची एक गोष्ट केली: कुलूप लावल्यावर स्वतः मजकुराला हात लावला नाही. किल्ली ज्याच्याकडे आहे त्यानं आतलं सामान हलवू नये.

रकान्याचा अर्थ कुणी ठरवलाच नव्हता

तीन दिवसांत चर्चा पानावर पहिला उपयोगाचा प्रश्न भाषांतर करणाऱ्या सदस्यानं विचारला: ‘हा रकाना नक्की कशासाठी आहे?’ माहितीचौकटीचा साचा, म्हणजे तिचा तयार ढाचा, इंग्लिशवरून उतरवलेला. तिथे राज्यं, जिल्हे, शहरं, मुख्य ठिकाणं यांना वेगवेगळे रकाने असतात. मराठीत आणताना त्यातले काही गळले आणि उरलेल्या एकाला ‘प्रमुख शहरे’ असं मोघम नाव मिळालं. प्रमुख कशानं? लोकसंख्येनं, जिल्ह्याचं ठिकाण म्हणून, की रस्त्याला लागून आहेत म्हणून?

इथे एक भेद स्वच्छ धरायला हवा. ‘पेठ नाक्यावर सांगलीचा रस्ता फुटतो’ हे जगाविषयीचं विधान आहे. त्याला संदर्भ लागतो. ‘सांगली कुठल्या रकान्यात लिहायची’ हा मांडणीचा निर्णय आहे. त्याला संदर्भ सापडणार नाही, सहमती लागते. सातारकर पहिल्या दिवसापासून सांगलीकरांकडे ‘सांगली महामार्गावर असल्याचा संदर्भ’ मागत होते, आणि सांगलीकर बातम्यांचे दुवे आणून टाकत होत्या, ज्यांत ‘सांगली जिल्ह्यातील महामार्गावर’ असं छापलेलं. दुवे खरे, मागणीही नियमाला धरून. तरी त्यांची गाठ पडत नव्हती.

तोडगा सातारकरांनीच सुचवला. महामार्ग सोडल्यावर शहरात शिरायला दुसऱ्या क्रमांकाचा महामार्ग धरावा लागतो का, एवढंच पाहायचं. साताऱ्यात चौकात उतरलं की शहराचेच रस्ते. कराडला कोल्हापूर नाक्यावरून आत शिरलं की कराडच. पेठ नाक्यावरून सांगलीला मात्र रा. म. १६६एच हा वेगळा रस्ता आहे, वाटेत दुसरी दोन गावं लागतात. म्हणून सातारा आणि कराड ‘महामार्गालगतची शहरे’ या नव्या नावाच्या रकान्यात राहिली. सांगलीचं नाव तीन ठिकाणी आलं: जिल्ह्यांच्या रकान्यात, जोडरस्त्यांच्या तक्त्यात पेठ नाक्यासमोर, आणि मार्गवर्णनाच्या एका वाक्यात.

सांगलीकरांनी मान्य केलं, पण एका अटीवर: हीच कसोटी सगळ्या लेखाला लावायची, फक्त सांगलीला नाही. अट रास्त होती. ती लावल्यावर यादीतून आणखी दोन नावं गळाली आणि ती काढताना कुणी भांडलं नाही. मग त्यांनी रा. म. १६६चा लेख हातात घेतला. रत्नागिरी–कोल्हापूर–सोलापूर हा रस्ता मिरजेवरून जातो, आणि सांगली, मिरज, कुपवाड १९९८पासून एकाच महानगरपालिकेत आहेत. म्हणजे सांगलीचा हक्काचा महामार्ग तो, आणि त्यावरचा मराठी मजकूर जेमतेम चार ओळींचा होता. ४८च्या पानावर एका शब्दासाठी घालवलेल्या चार दिवसांत तो लेख दुप्पट झाला असता, असं चर्चा पानावर कुणी म्हणालं नाही. म्हणायला हरकत नव्हती.

क्रमांकाचा गुंता

शहरांचं मिटलं आणि खरा किचकट भाग वर आला. लेखाच्या पहिल्या परिच्छेदात वाक्य होतं: ‘याचे जुने नाव राष्ट्रीय महामार्ग ४.’ सातारा–सांगलीकडे अजून लोक ‘एनएच फोर’च म्हणतात, त्यामुळे वाचताना हे खटकत नाही. पण ते अर्धंच खरं आहे.

२०१०मध्ये केंद्र सरकारनं देशभरच्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले. उत्तर–दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व–पश्चिम जाणाऱ्यांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणारे. फाट्यांना तीन आकडी क्रमांक, शेवटचे दोन आकडे मूळ महामार्गाचे. त्याच्याही छोट्या फाट्यांना पुढे अक्षर. म्हणून रत्नागिरीहून निघणारा १६६ हा ६६च्या, म्हणजे पनवेल–कन्याकुमारी रस्त्याच्या घराण्यातला. कराडवरून आडवा जाणारा गुहागर–विजापूर १६६ई, आणि पेठ–सांगली १६६एच. ही वंशावळ माहीत असली की लेखातल्या निम्म्या चुका नुसत्या नजरेनं पकडता येतात.

या फेरबदलात आजचा ४८ एका जुन्या महामार्गापासून बनला नाही. दिल्ली–मुंबई हा बहुतांशी जुना ८. मुंबईपासून पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव करत बंगळूरपर्यंत जुना ४. बंगळूरच्या पुढे तर वाटच बदलली: जुना ४ कोलार, चित्तूरवरून जायचा, आताचा ४८ होसूर, कृष्णगिरी, वेल्लोरवरून जातो आणि चेन्नईकडे पुन्हा जुन्या ४वर येतो. म्हणजे जुना ४ पूर्ण ४८मध्ये नाही आणि ४८ पूर्ण जुना ४ नाही.

एवढं समजल्यावर भाषांतर करणाऱ्या सदस्यानं केलेली घाई किती महाग पडली ते कळतं. त्यांनी ‘राष्ट्रीय महामार्ग ४’ या जुन्या लेखाचा मजकूर उचलून ४८च्या पानावर चिकटवला आणि जुन्या पानावर पुनर्निर्देशन टाकलं, म्हणजे ते उघडणारा आपोआप ४८च्या पानावर जाईल अशी सोय केली. हेतू चांगला, परिणाम दोन. पहिला, ज्या सदस्यांनी तो मजकूर वर्षानुवर्षं लिहिला त्यांची नावं नव्या पानाच्या इतिहासात आलीच नाहीत. विकिपीडियाचा मजकूर ज्या परवान्याखाली आहे त्यात श्रेय देणं ही अट आहे, आणि हे श्रेय इतिहासातच असतं. दुसरा, आजच्या यादीत रा. म. ४ अस्तित्वात आहे, तो अंदमानातला. पुनर्निर्देशनामुळे पोर्ट ब्लेअरचा रस्ता शोधणारा थेट खंबाटकी घाटात येऊन पडत होता. तिसरा गुंता त्या घाईचा नव्हे, क्रमांकबदलाचाच, आणि गमतीचा: जुना ४८ वेगळाच होता, बंगळूर–मंगळूर. त्या काळच्या लेखांमधले ‘राष्ट्रीय महामार्ग ४८’ असे दुवे आता आपोआप दिल्ली–चेन्नईकडे जात होते, म्हणजे कर्नाटकातल्या घाटातलं एखादं गाव दुव्यापुरतं जयपूरच्या रस्त्यावर.

दुरुस्ती अशी झाली. चिकटवलेला मजकूर उलटवला. ‘राष्ट्रीय महामार्ग ४ (जुने क्रमांकन)’ असं शीर्षक देऊन जुनं पान ‘स्थानांतर’ वापरून हलवलं. त्यामुळे इतिहास सोबत आला. ‘राष्ट्रीय महामार्ग ४’ हे नाव आजच्या अंदमानी रस्त्यासाठी मोकळं झालं आणि त्याच्या माथ्यावर एक ओळ आली, की मुंबई–चेन्नई जुन्या महामार्गासाठी अमुक पान पाहा. ४८च्या लेखात उतरवायचा मजकूर पुन्हा उतरवला, पण या वेळी सारांशात कुठल्या पानावरून घेतला ते लिहून. शेवटी विकिडेटावर, म्हणजे एकाच विषयाची सगळ्या भाषांतली पानं जोडणाऱ्या नोंदसंग्रहावर, जाऊन जुन्या ४ची नोंद आणि ४८ची नोंद वेगळी आहे ना, आणि मराठी पान योग्य नोंदीला जोडलंय ना, हे तपासलं. हा टप्पा बहुतेक जण विसरतात. मग भाषांच्या यादीतून इंग्लिशवर गेलं की भलताच रस्ता उघडतो.

सगळ्यात अवघड काम मात्र दुव्यांचं. ‘येथे काय जोडले आहे’ उघडून एकेक गावाचा लेख पाहायचा आणि वाक्य वाचून ठरवायचं, लिहिणाऱ्याला जुना ४८ म्हणायचा होता की नवा. यंत्रानं बदलून चालत नाही. वाक्यात साल असेल तर सोपं. ‘२००५मध्ये चौपदरीकरण’ म्हटलं की क्रमांक जुनाच. साल नसेल तर गाव कुठल्या रस्त्यावर आहे ते नकाशावर पाहायचं.

त्यातच सातारकरांनी एक छायाचित्र चढवलं: रस्त्याकडेचा पिवळ्या माथ्याचा मैलाचा दगड, त्यावर ‘रा. म. ४’. पुरावा म्हणून. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा हे खरं (राज्य महामार्गाचा हिरवा असतो), पण दगड रंगवला केव्हा हे छायाचित्र सांगत नाही. फलक बदलायला खातं वेळ घेतं. क्रमांक राजपत्रातल्या अधिसूचनेनं बदलतो, रंगाच्या डब्यानं नाही. छायाचित्र लेखात राहिलं, जुन्या क्रमांकाच्या परिच्छेदाशेजारी, आणि ती जागा त्याला शोभली.

आणखी एक क्रमांक अधूनमधून डोकावतो. साताऱ्याच्या बातम्यांमध्ये या रस्त्याला सर्रास ‘आशियाई महामार्ग’ म्हणतात. तो आशियाई महामार्ग ४७. ग्वाल्हेरहून निघून मुंबई, पुणे, बेळगाव करत बंगळूरला जातो. हा समांतर क्रमांक आहे, ४८च्या जागेवर येणारा नाही. माहितीचौकटीत त्याला वेगळी ओळ दिली.

किमी ७२५

‘दिल्लीपासून ७२५ किमी अंतरावर सातारा लागते.’ हे वाक्य लेखात कित्येक महिने होतं. दिल्लीहून ७२५ किलोमीटरवर माणूस अजून राजस्थान–गुजरातच्या आसपास असतो. आकडा आला कुठून?

सहापदरीकरणाच्या कागदपत्रांतून. देहू रोड–सातारा टप्पा जुन्या रा. म. ४च्या किमी ७२५.००० ते ८६५.३५० असा दिलेला आहे, आणि सातारा–कागल टप्पा किमी ५९२.२४० ते ७२५.०००. हे साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्याच्या ठरलेल्या शून्यापासून मोजलेली अंतरं. ते जुन्या ४चे आहेत आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढतात. कागलला लहान, पुण्याकडे मोठे. दिल्लीशी त्यांचा संबंध नाही. पण ४८च्या लेखात बसवणाऱ्यानं शून्य दिल्लीत धरलं.

त्याच कागदातून दुसरी चूक. ७२५मधून ५९२.२४ वजा केले की १३२.७६. ‘सातारा व सांगली जिल्ह्यांतील लांबी १३२.७६ किमी’ असं वाक्य कुणीतरी संदर्भासकट घातलं. संदर्भ उघडला तर आकडा आहे, वाक्य नाही. तो टप्पा कागलपर्यंतचा, म्हणजे त्यात कोल्हापूर जिल्ह्यातला सगळा पट्टा आला. आणि साताऱ्याच्या उत्तरेकडचा शिरवळ–खंबाटकी–भुईंज भाग त्यात नाहीच. टप्पा कंत्राटाच्या सोयीनं पाडलेला असतो, जिल्ह्याच्या हद्दीनं नाही. संदर्भ दिलेला आणि तरी चुकीचा, अशी ही जात सगळ्यात धोक्याची, कारण संदर्भाचा निळा आकडा दिसला की तपासणारा पुढे सरकतो.

मग जिल्ह्यातली लांबी द्यायची कशी? सांगलीकरांनी नकाशावर नीरा नदीपासून वारणेपर्यंत मोजून आकडा दिला. सातारकरांनी तो नाकारला: स्वतः मोजलेलं म्हणजे मूळ संशोधन, आणि ते विकिपीडियावर चालत नाही. नकाशा संदर्भ म्हणून कितपत चालावा, हा वाद जगभर आहे. अमेरिकेतल्या महामार्गांवर लिहिणाऱ्या सदस्यांचा एक मोठा गट २०२३मध्ये इंग्लिश विकिपीडियातून बाहेर पडला आणि स्वतंत्र विकी काढून बसला. नकाशे आणि सरकारी कागद यांच्या आधारावर रस्त्याचा लेख उभा राहू शकतो का, हे त्या भांडणाच्या मुळाशी होतं. परवाना मोकळा असल्यानं मजकूर सोबत नेता आला. मराठीत महामार्गांवर लिहिणारे इतके थोडे, की बाहेर पडायला गटच होत नाही; त्यामुळे जमवून घ्यावंच लागतं.

इथे जमलं ते असं. छापील किंवा सरकारी नकाशावर जे नुसतं बघून कळतं, म्हणजे रस्ता उंब्रजवरून जातो, कराडजवळ कोयना ओलांडतो, पेठला १६६एच फुटतो, तेवढ्यापुरता नकाशा चालेल. ज्याला मोजावं, जोडावं किंवा अर्थ लावावा लागतो ते नकाशावरून घ्यायचं नाही. जिल्ह्यातल्या लांबीचा रकाना रिकामा ठेवला. सांगलीकरांना तो रिकामा रकाना आवडला नाही आणि त्यांनी चर्चा पानावर तसं स्पष्ट नोंदवून ठेवलं.

खंबाटकीच्या परिच्छेदाला हीच पट्टी लावली. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी वाहनं घाट चढतात, साताऱ्याकडून येणारी बोगद्यातून जातात, हे राहिलं. बोगद्यानंतरच्या इंग्रजी एस आकाराच्या वळणाला ‘देशातील सर्वांत धोकादायक’ म्हटलं होतं, ते गेलं. ‘नवा बोगदा लवकरच खुला होणार’ यातला ‘लवकरच’ काढला. असा शब्द लेखात पाच वर्षं तसाच राहतो. त्याऐवजी कुठल्या महिन्यातल्या बातमीनुसार काम कुठवर आलं, असं लिहायचं ठरलं. आनेवाडी आणि तासवडे टोल नाक्यांची नावं ठेवली, दर काढून टाकले.

नावांचे खड्डे

या महामार्गावर खंडाळा दोन आहेत. एक लोणावळ्याजवळचं, पुणे जिल्ह्यात. दुसरं सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण, शिरवळ आणि खंबाटकीच्या मधे. दोन्ही रा. म. ४८वर. जोडरस्त्यांच्या तक्त्यात साताऱ्याच्या भागातला ‘खंडाळा’ दुवा बोरघाटाकडे जात होता आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण दुवा निळाच दिसतो. ‘पेठ’चा दुवा नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्याकडे. ‘वाठार’ तर कराड तालुक्यात आहे, कोरेगाव तालुक्यात स्टेशन म्हणून आहे, आणि किणीजवळ कोल्हापूर जिल्ह्यातही आहे. उपाय एकच आणि कंटाळवाणा: तक्त्यातला प्रत्येक दुवा उघडून जिल्हा बघायचा. यासाठी रस्ता माहीत असलेला माणूस लागतो; इथे सातारकरांनी तासाभरात नऊ दुवे सरळ केले.

कराडचं प्रकरण आणखी बारीक. लेखाचं नाव ‘कराड’, पण बरेच जण ‘कऱ्हाड’ लिहितात. तेही ठीक, पुनर्निर्देशन आहे. तरी काही दुवे तांबडेच, म्हणजे पान न सापडणारे, राहिले. अक्षर तेच, शुद्धलेखन तेच, दुवा मात्र मेलेला. कारण तो अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त वापरतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला एकच, यंत्राला दोन शब्द. दुरुस्त केल्यावर इतिहासात तीन बाइटांचा फरक दिसतो आणि तुलनेत दोन्ही बाजूंना हुबेहूब सारखी ओळ. सांगलीकरांना वाटलं सातारकर उगाच संपादनं वाढवतायत. दोन्ही रूपांची पुनर्निर्देशनं केली आणि तो विषय संपला.

इस्लामपूरवर वाद पेटेल अशी सगळ्यांना धास्ती होती. जुलै २०२५मध्ये राज्य सरकारनं विधिमंडळात शहराचं नाव ईश्वरपूर करण्याची घोषणा केली, आणि दुसऱ्याच दिवशी महामार्गाच्या लेखात नाव बदललं गेलं, उलटवलं गेलं. प्रचालकांनी एकाच वाक्यात निकाल दिला: शहराच्या लेखाचं शीर्षक जे असेल ते इथे; भांडायचं तर त्या पानावर. बेळगाव–बेळगावी, विजापूर–विजयपूर यांनाही तोच न्याय.

आकड्यांचंही एक दुखणं आहे. माहितीचौकटीत क्रमांक ‘४८’ असा देवनागरीत टाकला की महामार्गाचं ढालीसारखं चिन्ह गायब होतं आणि तिथे फाइलच्या नावाचा तांबडा दुवा उमटतो, कारण चिन्हाच्या फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत आहे. लांबी देवनागरीत दिली की मैलात रूपांतर करणारा साचा त्रुटी दाखवू शकतो. म्हणून त्या दोन रकान्यांत आकडे इंग्रजी द्यायचे, मजकुरात देवनागरी. नवा सदस्य येतो, इंग्रजी आकडा पाहून ‘मराठीकरण’ करतो, चिन्ह उडतं. त्याला दोष देता येत नाही.

नंतर

कुलूप निघायच्या आदल्या दिवशी सातारकरांनी नवा मसुदा स्वतःच्या धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या कामाच्या पानावर, मांडला, सांगलीकरांनी तिथेच दुरुस्त्या केल्या. मूळ लेखात तो एकदम ओतला नाही. आधी माहितीचौकट, मग क्रमांकांचा इतिहास, मग तक्ता, प्रत्येक टप्पा वेगळ्या संपादनात आणि चर्चेतल्या त्या-त्या विभागाचा दुवा सारांशात. एखादा तुकडा कुणाला खटकला तर तेवढाच उलटवता यावा यासाठी. तसं एकदा झालंही: तक्त्यातला सुरूर फाट्याचा तपशील भाषांतर करणाऱ्यानं उलटवला, चर्चेत दोन वाक्यं झाली, दुरुस्त होऊन परत आला. बाकीच्या लेखाला धक्का लागला नाही.

शहरांच्या रकान्यात, वाचकाला न दिसणारी पण संपादन करताना दिसणारी एक टीप सातारकर आणि सांगलीकर दोघांनी मिळून घातली: ‘कृपया नवे शहर जोडण्यापूर्वी चर्चा पानावरील “महामार्गालगत म्हणजे काय” हा विभाग पाहावा. सांगली जिल्ह्यांच्या रकान्यात आणि जोडरस्त्यांच्या तक्त्यात आहे.’ दृश्य संपादकात ही टीप नुसतं उद्गारचिन्ह होऊन बसते, त्यावर टिचकी मारली तरच उघडते. दोन महिन्यांनी एका अनामिक सदस्यानं कराडपुढे ‘मिरज’ जोडलं. ते सांगलीकरांनी काढलं आणि त्या सदस्याच्या चर्चा पानावर १६६च्या लेखाचा दुवा ठेवला.